जामखेड प्रकल्प : आरोग्यकार्यातील लोकसहभागाच्या प्रेरणा

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तत्कालीन अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. या प्रकल्पात निरनिराळे समाजघटक कोणत्या प्रेरणेने सहभागी झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या अवर्षणग्रस्त भागात ग्रामस्थांचा अग्रक्रम आरोग्याला नव्हे, तर पाणी, अन्न व शेती यांना होता. १९७२ च्या दुष्काळाने हे अधिक ठळक केले. म्हणून औषधोपचाराबरोबरच प्रकल्पाने कूपनलिका, मुलांसाठी पूरक आहार व शेतकरी मंडळे यांना हात घातला. शेतीच्या निमित्ताने एकत्र आलेले पुरुष हळूहळू आरोग्याच्या चर्चेतही सामील झाले. कूपनलिका दलित वस्तीत घेतल्यामुळे सवर्णांनाही पाण्यासाठी तेथे यावे लागले.

स्त्रियांची प्रेरणा वेगळी होती. प्रारंभी खेड्यांत पाठविलेल्या प्रशिक्षित परिचारिका तेथे रुजू शकल्या नाहीत. तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर व अनेकदा दलित असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. ज्ञान व प्रतिष्ठा हीच त्यांची मोठी मिळकत ठरली. प्रकल्पाच्या नोंदींनुसार दर हजार जन्मांमागे बालमृत्यूंचे प्रमाण १९७१ मधील १७६ वरून १९७६ मध्ये ५२ पर्यंत घटले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

सारांश, एकच आवाहन सर्व घटकांना लागू पडत नाही. प्रत्येकाच्या गरजेतूनच सहभाग उभा राहतो. ज्यांना गावाने दूर ठेवले होते, त्यांच्याच हाती गावाचे आरोग्य सोपविले गेले, यात या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व सामावलेले आहे.