गारव्याची गळती

मोऱ्याच्या धक्क्यावर वैशाखातल्या ओहोटीला ज्याने लाँचची वाट पाहिली आहे, त्याला गारव्याची किंमत निराळी सांगायला नको. पाणी ओसरले की समोर नुसता गाळ, आणि लाँच काही केल्या धक्क्याला लागत नाही. उतारू भाऊच्या धक्क्याच्या दिशेने डोळे लावून घाम पुसत बसतात. तेवढ्यात मासेमारीच्या होड्यांवर बर्फाचा भुगा चढत असतो. पाट्यांतून ठिबकणारे थेंब दगडावर पडतात आणि पडल्यापडल्या सुकतात. थंडावा जिथे आहे तिथे गळती आहेच, हे मला पहिल्यांदा त्या थेंबांनी शिकवले.

हा विषय सुचला तो मात्र माझ्या जुन्या मोटारीमुळे. तिचे वातानुकूलन एका उन्हाळ्यात तीन वेळा रुसले. ज्या गॅरेजात मी जात असे (नाव सांगून काय करायचे?), तिथला मनुष्य दर खेपेस नळी लावी, "गॅस संपला होता, भरला" म्हणे आणि पैसे घेई. महिनाभरात पुन्हा गरम वारा. अखेर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो बंदरात शीत कंटेनरांच्या दुरुस्तीचे काम करतो. माझे गाऱ्हाणे ऐकून तो हसला. "गुरुजी, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का संपायला? गेला असेल तर कुठून तरी गेला!"

ह्या एका वाक्याने मला जुनी पुस्तके उघडायला लावली.

आपल्याकडे विकतचा गारवा आला तो समुद्रमार्गे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली तिकडच्या तळ्यांतला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला धाडला. निघताना तो १८० टन होता, चार महिन्यांनी पोचला तेव्हा सुमारे १०० टन. पुढच्याच वर्षी मुंबईनेही अमेरिकेचा बर्फ पाहिला. सर जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि पाहुण्यांना पडसे झाले, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा खोटी, मुंबईकरांच्या स्वभावाला ती शोभते. पण मला मोह पडतो तो त्या वाटेत नाहीशा झालेल्या ८० टनांचा. ती केवढी गळती! आणि तरी कोणाचे काय बिघडले? पाण्यात पाणी मिळाले.

पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला. जर्मनीच्या कार्ल लिंडेने १८७० नंतरच्या दशकात अमोनियाचे यंत्र यशस्वी केले, आणि आजही कित्येक बर्फाचे कारखाने अमोनियावरच चालतात. हा वायू विषारी खरा, पण प्रामाणिक. थोडासा निसटला तरी नाकाला झोंबतो आणि चोर स्वतःच ओरडतो. जुने कारागीर गंधकाची वात पेटवून सांध्याजवळून फिरवीत. पांढरा धूर दाटला की गळती सापडली.

घरातल्या कपाटांसाठी तेव्हा मिथाइल क्लोराइड वापरात होते आणि त्याने माणसे दगावत. म्हणून १९२८ साली थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक नवा वायू शोधला. न जळणारा, न विषारी, न वासाचा. त्याचे नाव फ्रिऑन. १९३० मध्ये मिजलीने तो भरसभेत छातीत ओढला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. (पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्तीही ह्याच गृहस्थाची!) दहा वर्षांत अमेरिकेच्या पॅकार्ड मोटारीतून थंड वारा वाहू लागला. मोटारीतल्या ह्या वायूला कारागीर आर-१२ म्हणत. तो मुका असल्याने त्याला बोलते करायला हॅलाइड दिवा आला. गळतीपाशी नेला की तांब्याच्या तबकडीवरची ज्योत हिरवी होई.

पण निसटलेला आर-१२ जाई कुठे? १९७४ साली मोलिना आणि रोलंड ह्यांनी सांगितले, की तो वर चढतो आणि ओझोनचे आवरण कुरतडतो. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावर त्या आवरणाला पडलेले खिंडार जगजाहीर झाले, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. २०१० उजाडताना औषधी फवाऱ्यांसारखे थोडे अपवाद सोडून आपण हे वायू बंद केले. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही. म्हणजे ओझोन वाचला, पण हिरवी ज्योतही गेली! शिवाय हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता धरतो. एका मोटारीत तो अर्धा किलोच्या आसपास असतो. हिशेब शाळकरी आहे: तो सगळा सोडून देणे म्हणजे सातशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडणे. माझ्या गाडीने एका उन्हाळ्यात तीन वेळा तेवढाच उद्योग केला, आणि त्याचे पैसे मीच मोजले.

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तिथल्या शीत कंटेनरांचा विषय निघाला की माझा विद्यार्थी गंभीर होतो. २०११ साली परदेशातल्या काही बंदरांत असे कंटेनर अचानक फुटले आणि कामगार प्राणास मुकले. आर-१३४एच्या नावाने कोणी बनावट वायू भरला होता, आणि त्यात निघाले तेच जुने मिथाइल क्लोराइड. ॲल्युमिनियमशी त्याची गाठ पडली, की हवा लागताच पेट घेणारा पदार्थ तयार होतो. ज्याला घालवण्यासाठी फ्रिऑन आणला, तोच ऐंशी वर्षांनी नाव बदलून परत आला! "म्हणून टाकीवरच्या चिठ्ठीवर विसंबत नाही, आधी तपासतो," असे तो म्हणाला. आता तर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड मालमोटारींच्या केबिनलाही वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. उन्हात तासन् तास रांगेत तिष्ठणाऱ्या चालकाला हा थंडावा कधीच मिळायला हवा होता. पण त्या केबिनींची दुरुस्ती कोणाच्या हाती जाणार?

माझी गाडी त्याने एका रविवारी हाती घेतली. उरलेला वायू हवेत न सोडता यंत्राने ओढून टाकीत घेतला. नळ्यांत नायट्रोजनचा दाब दिला आणि साबणाचे पाणी लावीत निघाला. कंडेन्सरच्या कोपऱ्यात, खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियम खाल्लेल्या जागी, मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले. तिथे डाग न देता त्याने कंडेन्सरच बदलला, सांध्यांची रबरी कडी नवी घातली. मग अर्धा तास निर्वात पंप चालवला, कारण आत हवेचा दमटपणा राहिला तर तेल नासते. काटा तासभर जागचा हलला नाही, तेव्हाच त्याने टाकी वजनकाट्यावर ठेवली.

"अंदाजाने नाही भरायचा?" मी विचारले.

"वर्गात तुम्ही अंदाजाने मार्क देत होता का?"

४८० ग्रॅम. आकडा आणि तारीख कागदावर लिहून त्याने तो बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला. तिसरा उन्हाळा चालू आहे, आणि कागद अजून तोच आहे.