किती बसतं आपलं लेकरू?

“पोर नुसतं बसून असतं,” हे वाक्य आम्ही धायरीत हल्ली घरोघर ऐकतो. पण किती बसतं, ते कसं मोजायचं? या मोजण्यालाही इतिहास आहे. तो आज सांगतो.

आधी मोजलं गेलं ते आपलं काम. 1993 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. गरोदर बायांना दिवसभराची कामं विचारली: शेत, धुणं, विहिरीचं पाणी. जास्त कष्ट करणाऱ्या आयांची बाळं जन्मतः लहान भरली. “बायांना सवय असते” म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं.

बाईला विचारता येतं. तीन वर्षांच्या पोराला काय विचारणार? आईलाही सगळं आठवत नाही. तिथं यंत्र कामाला आलं. जपानमध्ये 1965 साली कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. पुढं ॲक्सिलरोमीटर आला. पट्ट्यात बसवलेलं हे छोटं यंत्र दर काही सेकंदांची हालचाल टिपतं. लहान मूल क्षणात पळतं, क्षणात थांबतं. मिनिटामिनिटाची बेरीज घेतली तर त्याचं पळणं त्या बेरजेत हरवतं. म्हणून मुलांसाठी पंधरा सेकंदांसारखे छोटे तुकडे घेतात.

पण यंत्रही फसतं. पोर कडेवर असलं, की आईची चाल पोराच्या नावावर जमा होऊ शकते! आणि पोर का बसलं, हे तर ते सांगतच नाही.

ते आपल्याला ठाऊक आहे. 2017 साली महापालिकेत आलेल्या अकरा गावांत धायरीही होती. मोकळी रानं गेली, इमारती आल्या, रस्त्यावर गाड्या वाढल्या. पोराला बाहेर सोडायची भीती वाटते, म्हणून हातात मोबाईल येतो. दोष एकट्या आईचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं: एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी. सलग तासाहून जास्त वेळ त्यांना एका जागी अडकवून ठेवू नये. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, पुढं तासाच्या आत.

आपल्याकडं यंत्र नाही, घड्याळ आहे. एक दिवस पोराचं बसणं कागदावर मांडा. बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांचे कागद शेजारी ठेवा. मग खेळायला जागा मागताना हातात आकडे असतील.