तुटण्यासाठीच केलेला बोल्ट

बर्फ आपल्या महाराष्ट्राच्या अनुभवातला विषय नाही. पण कॅनडाच्या क्वेबेक किंवा ओंटारिओ प्रांतातल्या शेतकऱ्याला विचाराल, तर हिवाळ्यात त्याच्या घरातले सर्वांत महत्त्वाचे यंत्र कोणते, याचे उत्तर तो चटकन देईल : ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले बर्फ उडवणारे यंत्र, म्हणजेच स्नोब्लोअर. घरापासून हमरस्त्यापर्यंतची वाट रात्रीतून गाडली जाते. दुधाची टाकी घेऊन जाणारी गाडी, मुलांची शाळेची बस आणि वेळ आलीच तर रुग्णवाहिका, सगळे त्या वाटेवर अवलंबून. अशा वेळी ट्रॅक्टर सुरू आहे, यंत्रही धडधाकट आहे. पण दोहोंना जोडणारा दांडा नुसताच गरगरतो आहे आणि बर्फ जागचा हलत नाही, असे झाले तर? बहुतेक वेळा दोष असतो बोटाएवढ्या एका बोल्टचा. या बोल्टमागे आणि त्या दांड्यामागे मोठा इतिहास आहे.

बर्फ फिरत्या पात्यांनी कापून दूर फेकायचा, ही कल्पना प्रथम सुचली ती रेल्वेसाठी. टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. इलियट यांनी १८६९ मध्ये तसा आराखडा केला. पुढे ओंटारिओतल्याच ऑरेंज जल यांनी तो सुधारला आणि १८८० च्या दशकात असे यंत्र रुळांवर धावू लागले. रस्त्यावर ते आणले क्वेबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी. शेतकरी कुटुंबातल्या या माणसाला मळणी यंत्र पाहून ही युक्ती सुचली, असे सांगितले जाते. ज्या यंत्रात धान्य आत ओढले जाते आणि भुसा बाहेर फेकला जातो, त्यात बर्फ घातला तर? १९२५ मध्ये त्यांचे यंत्र तयार झाले आणि १९२७ मध्ये मॉंट्रियलला लागून असलेल्या उट्रमॉं गावाने ते विकत घेतले. सिकार्ड यांच्या ट्रकवर बर्फ उडवण्यासाठी वेगळे इंजिन होते. शेतकऱ्याला अशी दोन दोन इंजिने कुठून परवडणार? त्याला ट्रॅक्टरच्याच इंजिनाची ताकद मागच्या यंत्रापर्यंत पोहोचवायला हवी होती.

ही वाट फ्रान्समध्ये सापडली होती. १९०६ च्या सुमारास आल्बेर गुजी यांनी आपल्या ट्रॅक्टरच्या इंजिनापासून दांडा काढून मागचे कापणी यंत्र चालवून दाखवले. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ही कल्पना उचलली आणि १९१८ मध्ये आपल्या ‘८-१६’ या ट्रॅक्टरवर ती बाजारात आणली. हाच ‘पॉवर टेक-ऑफ’. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचा ‘पीटीओ’. पण प्रत्येक कंपनीचे माप निराळे राहिले असते, तर एकाचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या यंत्राला लागला नसता. म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या शेती अभियंत्यांच्या संस्थेने मापे ठरवली. त्यातूनच सव्वा-दीड इंचांच्या मधला, नेमका १⅜ इंच जाडीचा, सहा खाचांचा दांडा आणि मिनिटाला ५४० फेरे हे प्रमाण रुजले. आज आपल्याकडे रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र जोडताना जो दांडा हाती येतो, तो याच कराराचे फळ.

बर्फासाठी मात्र आणखी एक अडचण होती. जुन्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबे. बर्फाचा ढीग समोर आला, तर ट्रॅक्टर थांबवून यंत्राला तो खाऊ द्यावा लागतो. इथे तर दोन्ही एकदम बंद! ओंटारिओतल्या ब्रँटफर्डच्या कॉकशट कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर ‘३०’ क्रमांकाच्या ट्रॅक्टरवर चाकांपासून स्वतंत्र चालणारा पीटीओ दिला आणि ही अडचण सुटली.

आता त्या जोडणीकडे वळू. ट्रॅक्टर आणि यंत्र एका रेषेत कधीच नसतात. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. आपले मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी याचा अभ्यास केला. या जॉइंटची एक खोड आहे. तो कोनात फिरला की पुढचा दांडा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. कोन ३० अंशांचा असेल, तर ५४० फेऱ्यांचा वेग क्षणात सुमारे ४६८ वर उतरतो आणि क्षणात ६२४ च्या जवळ चढतो. यावर उपाय दुसऱ्या जॉइंटचा. दोन्हीकडचे कोन सारखे ठेवले आणि मधल्या दांड्याचे दोन्ही काटे एकाच पातळीत बसवले, तर पहिल्याची चूक दुसरा भरून काढतो. दुरुस्तीत दांड्याचे दोन भाग वेगळे करून घाईत एक खाच पुढेमागे बसवले, तर चूक भरून निघण्याऐवजी वाढते. यंत्र थरथरते, क्रॉस पुन्हा तुटतो आणि नवा क्रॉसच निकृष्ट होता, असा बोल त्याला लागतो. यंत्र उचललेले असताना पीटीओ चालू ठेवला, तरी कोन वाढून हाच खडखडाट सुरू होतो.

राहिला तो बोल्ट. बर्फाखाली दगड, लाकडाचा ओंडका, गोठलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे, काहीही असू शकते. पाते अडले की इंजिनाची सगळी ताकद एका जागी येते. तेव्हा काहीतरी तुटणारच. ते काय तुटावे, हे रचनाकाराने आधीच ठरवलेले असते : मुद्दाम मऊ ठेवलेला बोल्ट. तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. उणे वीस अंशांच्या थंडीत, काळोखात, तिसऱ्यांदा तो बदलताना शेतकऱ्याला मोह होतो की, एकदाचा कडक पोलादाचा बोल्ट ठोकून मोकळे व्हावे. तसे केले तर तो बोल्ट खरोखर तुटत नाही. तुटतो गिअरबॉक्स, आणि ऐन हिवाळ्यात वाट बंद होते. कधी उलटेही घडते. ज्या बुशावर दांडा बोल्ट तुटल्यावर मोकळा फिरायला हवा, तिथेच गंज चढून तो घट्ट बसलेला असतो. मग बोल्ट असून नसल्यासारखा. म्हणून जाणता मिस्त्री नवा बोल्ट घालण्याआधी अडकलेली वस्तू काढतो, जुने तुकडे ठोकून बाहेर घेतो, तो भाग हाताने फिरतो का पाहतो, ग्रीस देतो आणि मगच त्याच जातीचा बोल्ट बसवतो.

हे सारे इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालूनच. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. कोटाची बाही किंवा मफलर गुंडाळला गेला, तर हात मागे घ्यायलाही अवसर मिळत नाही. म्हणून दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण थंडीने तडकले असेल, तर तेही बदलणे हा दुरुस्तीचाच भाग आहे. आपल्याकडे धोतराचा सोगा आणि साडीचा पदर यांनी हाच धडा दिला. मळणी यंत्रावरच्या अपघातांमुळे १९८३ मध्ये केंद्राला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. तरीही अनेक ट्रॅक्टरांमागे तो दांडा आजही उघडाच फिरताना दिसतो. येत्या हंगामात मळणीला किंवा रोटाव्हेटरला यंत्र जोडण्याआधी आवरण आणि बोल्ट या दोन गोष्टी एकदा पाहून घ्याव्यात. खर्च थोडा आहे, वेळही थोडाच लागतो.