जामीन म्हणजे कागद नव्हे, माणूस

कोर्टकचेरीच्या शब्दांवरचा हा भाग ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी लिहून देतोय. बोलताना जे घाईत निसटलं, ते इथे नीट बसवलंय.

आजचा शब्द एकच. जामीन.

बातम्यांत रोज ऐकतो आपण, अमक्याला जामीन मिळाला, तमक्याचा जामीन फेटाळला. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय की जामीन म्हणजे सुटका, किंवा कोर्टाने दिलेली एखादी ऑर्डर. पण मग घरातली जुनी माणसं काय म्हणतात बघा. "मी त्याच्या कर्जाला जामीन राहिलो आणि फसलो." आता इथे 'जामीन राहिलो' म्हणजे काय? सुटका राहिलो? ऑर्डर राहिलो? नाही ना. इथे जामीन म्हणजे चक्क माणूस आहे. आणि हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. अरबीत 'ज़ामिन' म्हणजे दुसऱ्याची हमी घेणारा. तिथून तो फारसीत आला आणि बहमनी, निजामशाही, आदिलशाहीच्या कारभारातून आपल्या मराठीत. हिंदीवाल्यांनी सुटकेसाठी 'ज़मानत' हा वेगळा शब्द ठेवला. आपण मात्र माणसाचाच शब्द सुटकेला चिकटवून टाकला. म्हणजे 'जामीन मिळाला' याचा अक्षरशः जुना अर्थ काय होतो? हमी घेणारा माणूस मिळाला.

ही नुसती शब्दांची गंमत नाहीये. याच गोंधळापायी लोक तुरुंगात जास्त दिवस काढतात, आणि काही जण मित्राच्या बाईकचे हप्ते स्वतःच्या पगारातून भरतात. कसं ते सांगतो, पण आधी जरा मागे जाऊ.

शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा, जमिनीचा तंटा उभा राहिला की तो गोतसभेपुढे यायचा. गोतसभा म्हणजे गावचा पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आजूबाजूचे देशमुख-देशपांडे, अशी जाणती मंडळी एकत्र बसलेली. वादी-प्रतिवादी आपापली हकिकत लिहून द्यायचे, तिला तकरीर किंवा करीना म्हणत. पण सुनावणी पुढे सरकायच्या आधी दोघांकडून दोन गोष्टी घेतल्या जायच्या. एक राजीनामा आणि दुसरी जामीन.

थांबा, राजीनामा? नोकरी सोडायला आले होते का ते? नाही हो. 'राज़ी' म्हणजे कबूल, 'नामा' म्हणजे कागद. ही सभा जो निवाडा करील तो मला मान्य आहे, असं लिहून देणं म्हणजे राजीनामा. पुढे इंग्रजी अमलात जमीन सोडून देणारा शेतकरी सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा धारक कबुलायत. सोडण्याचा अर्थ तिथे दिसतो, आणि आज ऑफिसात तेवढाच उरलाय. असो.

तर जामीन. तो निवाड्याप्रमाणे वागण्यासाठी द्यायचा, आणि जामीन द्यायचा म्हणजे आपल्या बाजूने एक माणूस उभा करायचा. त्या माणसाने लिहून दिलेल्या कागदाचं नाव वेगळंच होतं, जामीनकतबा. माणूस वेगळा, कागद वेगळा. सगळं संपल्यावर निर्णयाचा कागद व्हायचा, त्यावर हजर असलेल्यांच्या खुणा पडायच्या. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तराजू. त्या कागदाला महजर म्हणत, आणि त्याचं मूळ आपल्या 'हजर' शब्दाचंच आहे. हरणाऱ्यालाही एक कागद लिहून द्यावा लागे, येजितखत. मी हरलो, माझा दावा खोटा, हे स्वतःच्या नावाने लेखी! आजच्या कोर्टात अशी सोय असती तर निम्मी अपिलं वाचली असती, असं मला आपलं वाटतं.

आता मुद्द्याचं. त्या काळी जामीन एकाच प्रकारचा नव्हता. जुन्या कागदांत आणि जुन्या कोशांत निदान तीन नावं स्पष्ट सापडतात.

हाजिरजामीन, म्हणजे 'बोलवाल तेव्हा या माणसाला हजर करीन' अशी हमी घेणारा. मालजामीन, म्हणजे 'याने पैसे दिले नाहीत तर मी देईन' असं म्हणणारा. आणि फेलजामीन. यातला 'फेल' परीक्षेतला नाही बरं का! अरबी 'फ़ेल' म्हणजे कृती, वागणूक. 'हा नीट वागेल, दंगा करणार नाही' याची हमी घेणारा तो फेलजामीन.

हे फारसी मंडळींनी येऊन शिकवलं असंही समजू नका. याज्ञवल्क्य स्मृतीत हमीदाराला प्रतिभू म्हटलंय आणि त्याचेही तीनच प्रकार सांगितलेत: दर्शन, प्रत्यय आणि दान. दर्शन म्हणजे माणूस समोर आणून दाखवणं, म्हणजे आपला हाजिरजामीन. दान म्हणजे पैसे देणं, म्हणजे मालजामीन. प्रत्यय म्हणजे 'हा विश्वासाचा माणूस आहे' अशी खात्री देणं, हा फेलजामिनाचा लांबचा भाऊ म्हणू. याच स्मृतीवर सुमारे नऊशे वर्षांपूर्वी विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली, तीही चालुक्यांच्या कल्याणीला, आजच्या बसवकल्याणला. म्हणजे लातूर-उमरग्याच्या पलीकडेच. स्मृतीतला एक बारकावा बघा. दर्शन आणि प्रत्ययाचा हमीदार वारला तर त्याच्या मुलांवर बोजा येत नसे. पैशाचा हमीदार वारला तर मात्र मुलांनाही भरावं लागे. का? कारण माणूस हजर करणं ही त्या व्यक्तीची वैयक्तिक ताकद झाली. पैशाची हमी म्हणजे कर्जच, फक्त दुसऱ्याच्या नावावरचं.

हा फरक तेव्हाच्या गावगाड्यातल्या माणसाला शब्द ऐकूनच कळायचा. आपल्याला कळत नाही, कारण आपण तिन्ही शब्द गुंडाळून एकच ठेवला, जामीनदार. तिन्ही प्रकार मात्र कायद्यात जिवंत आहेत. म्हणून आता एकेक घेऊ.

पैशाचा आधी, कारण तुमच्यावर वेळ येईल तर बहुतेक हीच येईल. मित्राला पतसंस्थेकडून लोन हवंय. तो म्हणतो, "भावा, फक्त सही दे, फॉर्म्यालिटी आहे." तुम्हाला वाटतं, मी त्याच्या चांगुलपणाची साक्ष देतोय. म्हणजे डोक्यात फेलजामीन आणि हातून होतोय मालजामीन! भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की संस्थेने आधी तुमच्या मित्रामागे लागावं, त्याची बाईक विकावी, मग उरलं तर तुमच्याकडे यावं, असा काही क्रम नाही. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. ज्याचा पगार नियमित त्याच्याकडे आधी येणार, हे उघड आहे. भरलेले पैसे मित्राकडून वसूल करायचा हक्क कलम १४५ तुम्हाला देतं. पण ज्याच्याकडून संस्थेला मिळाले नाहीत त्याच्याकडून तुम्हाला किती मिळणार, तुम्हीच विचार करा. अजून एक. कर्जाच्या अटी तुम्हाला न विचारता बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारातून जामीनदार मोकळा होतो, असं कलम १३३ म्हणतं. पण 'अटी बदलल्या तरी माझी हरकत नाही' असं छापील कागदात आधीच घातलेलं असू शकतं. सही करायच्या आधी ते वाक्य शोधा.

वागणुकीचा जामीन म्हणजे आपली चॅप्टर केस. निवडणूक किंवा गणपती जवळ आले की काही पोरांना नोटीस येते, आणि घरात रडारड सुरू होते की आता रेकॉर्ड खराब झालं, नोकरी गेली. हे 'चॅप्टर' नाव पडलं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणावरून, तिथे कलम १०७ ते ११० होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. आता हे प्रकरण नववं आहे आणि १०७ चं झालंय १२६. लोक चॅप्टरच म्हणणार, त्याला इलाज नाही. ही शिक्षा नाही. 'यापुढे शांतता मोडणार नाही' असा बाँड का घेऊ नये, याचं उत्तर कार्यकारी दंडाधिकारी मागतो. गावाकडे बऱ्याचदा तहसीलदारच तो. १२६ खाली हा बाँड जास्तीत जास्त एका वर्षाचा. तुमचं म्हणणं मांडायचा हक्क आहे, म्हणून नोटीस घेऊन गप्प घरी बसायचं नाही.

आणि तिसरा, हाजिरजामीन, म्हणजे ज्याच्या बातम्या येतात तो. कोर्ट म्हणतं, आरोपीला सोडतो, पण तारखेला तो येईल याची हमी कोण घेतं? इथे जामीनदार आरोपी निर्दोष असल्याचं सांगत नसतो. तो आणून उभा करीन एवढंच म्हणत असतो. आरोपी पळाला तर बाँडची रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते, त्याआधी कोर्ट खुलासा मागतं. आणि आरोपीची लक्षणं ठीक दिसेनाशी झाली, तर 'मला या जबाबदारीतून मोकळं करा' असा अर्ज जामीनदार कधीही करू शकतो. हे खूप लोकांना माहीतच नसतं.

पण गरिबाला असा माणूसच मिळाला नाही तर? सातबारा असलेला, घरपट्टीची पावती दाखवू शकणारा, कोर्टात दिवस मोडायला तयार असलेला?

१९७८ सालची गोष्ट आहे, मध्य प्रदेशातली. मोतीराम नावाचा गवंडी. सुप्रीम कोर्टाने त्याला जामिनावर सोडायला सांगितलं होतं. खालच्या दंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. १९७८ साली, गवंड्याकडे! त्याचा भाऊ उभा राहिला, तर 'तुझी मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे' म्हणून त्याला नाकारलं. सुटकेचा आदेश हातात असून माणूस आत. मोतीराम पुन्हा सुप्रीम कोर्टात गेला आणि प्रकरण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आलं. मला या निकालात सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी आपल्यासारखाच प्रश्न विचारला. जामीन या शब्दाचा अर्थ काय? जामीन म्हणजे जामीनदारासकटच सुटका, की त्याच्याशिवायची सुटकाही जामीनच? कायद्यात तेव्हा याची व्याख्याच नव्हती. त्यांनी उत्तर दिलं की दोन्ही जामीनच. माणूस स्वतःच्या बाँडवरही सुटू शकतो. दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणंही त्यांनी चूक ठरवलं आणि मोतीरामला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बाँडवर सोडायला सांगितलं.

स्वतःच्या बाँडला आपल्याकडे जातमुचलका म्हणतात. पोलीस स्टेशनमध्ये हा शब्द ऐकला की लोक घाबरतात, 'जात' कशाला विचारतात म्हणून! इथे 'जात' म्हणजे कास्ट नाही. ती अरबी 'ज़ात', म्हणजे स्वतः, जातीने हजर राहणे मधली. मुचलका हा मध्य आशियातून तुर्की बोलणाऱ्यांबरोबर आलेला शब्द, अर्थ लेखी बंधन. म्हणजे ज्याच्या मागे माणूस नाही, त्याने स्वतःच स्वतःला जामीन राहायचं.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतली अवस्था सुप्रीम कोर्टापुढे आली. गुन्ह्याला जेवढी कमाल शिक्षा, त्याहून जास्त काळ लोक नुसते खटल्याची वाट बघत आत होते. त्यात जामिनाचे पैसे परवडत नाहीत म्हणून अडकलेले होते. कायदा बदलायला पुढे बरीच वर्षं गेली. २००५ च्या दुरुस्तीने जामीनपात्र गुन्ह्यांत गरिबाला जामीनदाराशिवाय सोडणं बंधनकारक झालं. अटकेपासून एका आठवड्यात जामीन देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं धरायला तेवढं कारण पुरेसं आहे. आज हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये आहे. लक्षात ठेवा, फक्त जामीनपात्र गुन्ह्यांत. तुमच्या वस्तीतला कोणी अशा किरकोळ केसमध्ये आठवडाभर आत असेल, तर वकिलाला हे कलम सांगा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला तिथून फुकट वकील मिळतो.

त्याच २००५ च्या दुरुस्तीत आणखी एक छोटं कलम आलं. कोर्टात जामीनदार राहणाऱ्याने आजवर किती जणांना जामीन राहिलोय हे लिहून द्यायचं. कारण उघड आहे, कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन कुणालाही जामीन राहणारी माणसं मिळू लागली होती. ज्या शब्दाचा अर्थ 'ओळखीचा, भरवशाचा माणूस' होता, तो भाड्याने मिळायला लागला.

आणि आता २०२३ च्या नव्या संहितेत पहिल्यांदाच व्याख्या लिहिल्यात. जामीन म्हणजे अटींवर सुटका. जामीनदारासह हमी असेल तर तो जामीनबाँड, जामीनदाराशिवाय असेल तर नुसता बाँड. म्हणजे गोतसभेने जामीन आणि जामीनकतबा असा जो फरक ठेवला होता, तसा फरक कायद्याच्या पुस्तकात पुन्हा आलाय, फक्त उलट्या बाजूने. तिथे जामीन म्हणजे माणूस होता, इथे जामीन म्हणजे सुटका.

पुढच्या भागात पंचनामा. त्यात पंच पाच का नसतात, आणि पोलिसांना आता मोबाईलवर शूटिंग का करावं लागतं, ते बघू. कोणाच्या कर्जाच्या कागदावर सही करून बसला असाल, तर तोवर त्याची कॉपी मागून घ्या.