फटफटीचे माहेर

मोटारसायकलींचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा कारखान्यांचा इतिहास लिहितात. कोणती कंपनी केव्हा निघाली, तिने कोणते इंजिन काढले, कोणत्या शर्यतीत तिची गाडी पहिली आली आणि अखेर तिच्या दारास कुलूप कधी लागले, इतके सांगून झाले की त्यांचे काम संपते. परंतु कारखान्यास कुलूप लागले म्हणून त्यातून बाहेर पडलेल्या गाड्या काही त्याच दिवशी बंद पडत नाहीत. त्या पुढे तीस तीस, पन्नास पन्नास वर्षे रस्त्यावर राहतात. या दुसऱ्या आयुष्यात त्यांस कोणी चालते ठेवले आणि तसे ठेवताना त्यांत मूळचे किती उरले, हा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. कारण तो पडवीत, परसात, जिन्याखाली घडतो आणि त्याचे दप्तर कोठे राहत नाही.

हा विषय आम्ही हाती घेतला, त्यास एक सरकारी निमित्त आहे. २०२१ सालच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने मोटारवाहनांच्या नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी गाड्यांस ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र दर्जा दिला. ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि त्या नियमात एक अट आहे: गाडी मूळ रूपात राखलेली असावी, तिच्या सांगाड्यात, अंगात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अट वाचावयास सोपी आहे. परंतु घरी बसून जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या हौशी गृहस्थांचा इतिहास पाहू लागले की ती तितकीशी सोपी राहत नाही.

पहिली गोष्ट ही की, मोटारसायकल जन्मली तीच मुळी परसात. जर्मनीत स्टुटगार्टजवळ कान्स्टाट नावाचे गाव होते. तेथे गॉटलीब डाइमलर याने १८८२ साली एक बंगला घेतला आणि त्याच्या बागेतील काचघर वाढवून त्यात आपला सहकारी विल्हेल्म मायबाख याच्यासह काम मांडले. दारे लावून रात्रंदिवस ठोकाठोक चाललेली पाहून माळ्यास संशय आला की मालक खोटी नाणी पाडीत असावेत. पोलीस आले, त्यांनी झडती घेतली आणि त्यांस इंजिनांवाचून काही सापडले नाही, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. याच काचघरातून १८८५ साली लाकडी सांगाड्याची, अर्ध्या अश्वशक्तीची ती पहिली गाडी बाहेर पडली. दोन्ही बाजूंस तोल सावरण्यासाठी एकेक लहान चाक होते, त्यामुळे ती दुचाकी म्हणावी की चौचाकी, असा वाद घालणारे आजही भेटतात. अमेरिकेत मिल्वॉकी शहरी १९०३ साली हार्ले आणि डेव्हिडसन या तरुणांनी जो आरंभ केला तोही डेव्हिडसनांच्या अंगणातील दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशा लाकडी खोपटात. कारखाने मागाहून आले. तेव्हा वृद्धापकाळी ही गाडी पुन्हा परसात येऊन विसावते, तेव्हा ती माहेरी आली असेच म्हणावयास पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, आरंभीच्या काळी गाडीचा मालक आणि गाडीचा मिस्त्री हे दोन निराळे पुरुष नव्हते. वंगणाचे तेल इंजिनात आपोआप फिरत नसे. टाकीवर एक हातपंप असे आणि चालवणाऱ्याने वाटेत काही काही मैलांवर तो दाबून तेल द्यावयाचे असे. पट्टा सुटे, प्लग काळा पडे, ट्यूब पंक्चर होई. गाडीबरोबर पान्यांची पिशवी येई आणि कंपनीची पुस्तिका मालकास गृहीतच धरून चाले की हा मनुष्य इंजिन उघडणार. काही हजार मैल गाडी चालली की जळलेल्या इंधनाची काजळी दट्ट्याच्या माथ्यावर आणि इंजिनाच्या डोक्यात घट्ट बसे, इंजिन तापे, चढावर ठोके देई. मग एखाद्या रविवारी डोके उतरवून ती काजळी मऊ धातूच्या पट्टीने खरवडावयाची. पोलादाची पट्टी वापरली तर ओरखडे उठतात. झडपांच्या कडांस बारीक पूड घातलेला लेप लावून, दोन तळहातांमध्ये काठी धरून ती उलटसुलट फिरवीत झडप तिच्या बैठकीवर घासावयाची. ज्याने आपल्या आईस ताक करताना पाहिले आहे त्यास ही क्रिया शिकवावी लागत नाही, रवीच ती. झडप नीट बसली की नाही हे पाहण्यासाठी उलट्या धरलेल्या डोक्यात रॉकेल ओतावे आणि थेंब पाझरतो का ते पाहावे. इतके केले म्हणजे गाडी तरुण होते. यात गूढ काही नाही. परंतु हे एकदा स्वतःच्या हाताने केलेल्या मनुष्याचे त्या यंत्राशी जे नाते जडते, ते पैसे देऊन काम करवून घेणाऱ्याचे जडत नाही.

या नात्याची परमावधी पाहावयाची तर न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाशी असलेल्या इन्व्हर्कार्गिल गावी गेले पाहिजे. बर्ट मन्रो हा गृहस्थ १८९९ साली जन्मला. १९२० साली त्याने ‘इंडियन’ कंपनीची ‘स्काउट’ नावाची नवी गाडी घेतली. नावावरून आमच्या वाचकांचा गैरसमज होऊ नये. ही कंपनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावची, तिचा हिंदुस्थानाशी काही संबंध नाही. ६०० सीसीचे इंजिन आणि ताशी ५५ मैलांचा वेग, अशी ती साधी गाडी होती. १९२६ पासून मन्रोने तिच्यात फेरफार करण्यास आरंभ केला आणि तो जवळजवळ मरेपर्यंत थांबवला नाही. पोटापाण्यासाठी तो मोटारसायकली विकण्याची नोकरी करी. उरलेला वेळ गाडीचा. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संसार मोडला, तेव्हा तो आपल्या गाड्यांसह एका गॅरेजमध्येच राहू लागला. पैसा नव्हता, म्हणून दट्टे तो जुन्या डब्यांच्या साच्यांत स्वतः ओती. नळकांडी स्वतः घडवी, चक्रे स्वतः घडवी. सूक्ष्म मापे घेण्यास चाकाची एक जुनी तार त्यास पुरे. बिघडलेले, फुटलेले भाग तो फेकून न देता एका फळीवर मांडून ठेवी आणि त्या फळीवर त्याने लिहिले होते की हे वेगाच्या देवास वाहिलेले नैवेद्य आहेत. ती फळी वर्षानुवर्षे भरत गेली. आम्हांस या मनुष्याच्या विक्रमांपेक्षा ती फळी मोठी वाटते.

विक्रमही लहान नव्हते. अमेरिकेत यूटा संस्थानात बॉनव्हिल नावाचे मिठाचे सपाट मैदान आहे. तेथे वेगाच्या परीक्षा होतात. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, मन्रोने आपली सत्तेचाळीस वर्षांची गाडी तेथे ताशी १८३.५८६ मैल वेगाने पळवली. १००० सीसीखालच्या वर्गात तो विक्रम ठरला. १९७८ साली तो वारला. पुढे २०१४ मध्ये त्याच्या मुलाच्या ध्यानात आले की त्या दिवशीची सरासरी काढताना गणितात चूक झाली होती. संबंधित अमेरिकन संस्थेने ती मान्य करून आकडा १८४.०८७ असा दुरुस्त केला. मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी गृहस्थाचा वेग अर्ध्या मैलाने वाढला! २००५ साली त्याच्यावर निघालेला चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. ती गाडी आता त्याच गावी एका हार्डवेअरच्या दुकानात मांडलेली आहे, आणि खिळे-बोल्ट घ्यावयास आलेले लोक ती पाहून जातात, हे आम्हांस फार उचित वाटते.

आता प्रश्न असा. अखेरीस त्या इंजिनाची धारणा ९५० सीसी झाली होती. दट्टे कंपनीचे नव्हते, नळकांडी कंपनीची नव्हती, चक्रे कंपनीची नव्हती. मग ती १९२० ची ‘स्काउट’ राहिली होती काय? आमच्या नव्या नियमाची कसोटी तीस लावली तर ती दारातच अडकली असती. आणि तरीही त्या जातीची अधिक ‘अस्सल’ गाडी जगात दुसरी दाखवता येणार नाही.

जुन्या गाड्या जपाव्यात ही कल्पना संस्थारूपाने इंग्लंडात लवकर रुजली. १९३० साली सनबीम क्लबाने एप्सम ते ब्रायटन अशी जुन्या गाड्यांची यात्रा सुरू केली. तीत १९१५ पूर्वीच्या गाड्यांसच प्रवेश. युद्ध संपताच, १९४६ च्या एप्रिलमध्ये, सरे परगण्यातील एका टेकडीवर अडतीस स्वार जमले आणि व्हिंटेज मोटारसायकल क्लब स्थापन झाला. अशा क्लबांनी केलेले खरे काम मिरवणुकांचे नव्हे, तर जुन्या पुस्तिका, नकाशे आणि सुटे भाग एकमेकांस पुरवण्याचे आहे. तिकडे न रंगवलेल्या, न चमकवलेल्या, केवळ तेलकट फडक्याने पुसून राखलेल्या गाडीस त्या फडक्याचेच नाव दिलेले आहे, आणि जाणते लोक आज अशा गाडीस नव्या रंगाच्या गाडीहून अधिक मान देतात. पण मान आला तसा पैसाही आला. कॉर्नवॉलमधील बॉडमिन येथील कोठारांत वर्षानुवर्षे गंजत पडलेल्या आठ ‘ब्रफ सुपीरियर’ गाड्या २०१६ साली लिलावात निघाल्या आणि त्यांतील एक तीन लाख एकतीस हजार नऊशे पौंडांस गेली. पानाफडक्याची हौस करणाऱ्या गृहस्थाच्या छातीत धस्स व्हावे असाच तो आकडा आहे. इतक्या किमतीच्या गाडीची झडप घरी कोण घासणार?

आपल्याकडे इतका पैसा या हौशीत शिरलेला नाही, हे आम्ही भाग्यच समजतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने सोडलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस या जातीच्या गाड्या येथे मागे राहिल्या आणि त्यांच्यावर मिस्त्र्यांची एक पिढी शिकून तयार झाली. १९५५ साली मद्रासेस एन्फिल्डचा कारखाना निघाला. मूळची इंग्रजी कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, परंतु मद्रासेची बुलेट दशकानुदशके जवळपास त्याच घडणीची निघत राहिली. त्यामुळे जुन्या बुलेटच्या मालकास सुट्या भागांची ददात कधी पडली नाही. ‘जावा’चे भाग्य निराळे. झेकोस्लोव्हाकियातील या गाड्या १९६१ पासून म्हैसूर येथे आयडियल जावा कंपनी बनवू लागली. १९७३ पासून त्यांस ‘येझ्दी’ हे नाव मिळाले. आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. भागांचा झरा आटला. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आले खरे, परंतु त्यांचे इंजिनच निराळ्या जातीचे. जुन्या मालकास त्यांतला एक नटही उपयोगी नाही. आज म्हैसुरी जावा जेथे जेथे धावते आहे, तेथे तेथे ती कोणा तरी गृहस्थाच्या हातांनी धावते आहे.

आमच्या वडिलांनी १९६५ साली घेतलेली अशी एक जावा आमच्या पडवीत आहे. किक मारण्याचा आणि गिअर टाकण्याचा दांडा तीत एकच. किक मारून झाली की तो आत दाबून फिरवावयाचा, म्हणजे गिअरचा होतो. नवख्याची यावर हमखास फजिती होते. वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, म्हणून धूर फार आणि काजळीही फार. भोंगळ्यांतील नळ्या काजळीने भरल्या की त्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घालण्याचा परिपाठ आहे. एकदा आम्ही, एका बादलीत सगळेच होईल अशा हिशेबाने, नळ्यांबरोबर इंजिनाचे डोकेही रात्रभर बुडवून ठेवले. नळ्या लोखंडी, डोके ॲल्युमिनियमचे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, हे शाळेत शिकलेलो असूनही त्या रात्री आठवले नाही. सकाळी बादलीत जे हाती आले त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. बादली धुण्याची असल्याने मातोश्रींची बोलणी खावी लागली, ती निराळीच.

नवे डोके कोठून आणावे? पुण्याच्या जुन्या बाजारात पाच-सहा खेपा घातल्यावर एका येझ्दीचे डोके मिळाले. ते थोडी कानस लावून बसवले, खाली तांब्याचा वायसर दिला, आणि गाडी पहिल्याहून बरी चालू लागली. पर्सिग या अमेरिकन लेखकाच्या १९७४ सालच्या प्रसिद्ध पुस्तकात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या जर्मन गाडीचे हँडल सैल झाले असता लेखक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून ते घट्ट करू म्हणतो, आणि तो मित्र दुखावतो. असल्या गाडीत असला पत्रा! वस्तुतः त्या कामास तो पत्रा सर्वांत योग्य होता. येझ्दीचे डोके दाखवल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी असेच तोंड केले. “आता ही जावा राहिली नाही,” असे ते म्हणाले. आम्ही त्यांस चहा पाजला.

परंतु त्यांचा आक्षेप नियमाच्या भाषेत पुन्हा पुढे उभा राहिला आहे. साठ वर्षांच्या या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येईल. जुना क्रमांकही राखता येतो. मात्र तशी नोंदलेली गाडी रोजच्या कामास वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. दुरुस्तीस जाण्याची मोकळीक नियम करणाऱ्यांनी ठेवली, यावरून त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी जुनी गाडी असावी असा आमचा तर्क आहे. मग त्यांनी ‘मूळ रूप’ म्हणताना काय मनात धरले असेल? कारखान्यातून निघालेल्या दिवसाचे रूप, की त्यानंतर साठ वर्षे ती ज्या रूपांतून जगली ते? सांगाडा बदलून, इंजिन दुसऱ्याच जातीचे टाकून, वर जुन्या नावाची पट्टी ठोकणारे लबाडही आहेत, आणि अट त्यांच्यासाठी असेल तर ती योग्यच आहे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास मात्र त्या लबाडात आणि कानस घेऊन बसलेल्या गृहस्थात भेद करता आला पाहिजे.

आमच्या पुतण्याने अर्ज भरून टेबलावर ठेवला आहे. इंजिनाचा क्रमांक, सांगाड्याचा क्रमांक, दोन्ही १९६५ च्या कागदाशी जुळतात. डोक्याविषयी अर्जात काही लिहावे की न लिहावे, यावर घरात दोन तट पडले आहेत. पुतणा म्हणतो, विचारलेलेच नाही तर सांगू नये. आमचे मत असे की सांगावे, आणि कॉस्टिक सोड्याची हकीकतही थोडक्यात जोडावी.