वीज वाहणाऱ्या काचेचं कूळ

बेडेकर म्हटलं की आपल्याला लोणच्याची बरणी आठवते. जर्मन माणसाला आठवतं प्रवासाचं पुस्तक. एकोणिसाव्या शतकातले प्रवासी ती लाल बांधणीची मार्गदर्शकं घेऊन युरोप पालथा घालत. त्या प्रकाशक घराण्यातला एक नातू, आजोबांच्याच नावाचा कार्ल बेडेकर, पदार्थविज्ञानाकडे वळला आणि येना विद्यापीठात धातूंच्या संयुगांतून वीज किती वाहते ते मोजू लागला. ही संयुगं बहुधा भुकटीच्या रूपात मिळत, आणि भुकटी दाबून वडी केली तरी कणांमधल्या फटींमुळे मापं भरवशाची येत नसत. त्यावर त्याचा तोडगा साधा होता. आधी काचेवर धातूचाच अतिशय पातळ थर चढवायचा आणि मग तो हवेत तापवायचा, म्हणजे धातू जागच्या जागी ऑक्साइड होतो. १९०७ साली कॅडमियमचा असा थर त्याने प्रसिद्ध केला. थर पारदर्शक होता, आणि तरीही त्यातून वीज जात होती.

हे विपरीतच होतं. धातू वीज नेतो पण प्रकाश अडवतो. काचेचं नेमकं उलट. उलगडा व्हायला १९३१ साली अ‍ॅलन विल्सन यांनी मांडलेला सिद्धान्त यावा लागला. अशा ऑक्साइडमधला बांधलेला इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा बहुतेक दृश्य प्रकाशाकडे नसते, म्हणून प्रकाश आरपार जातो. पण अणूंच्या जाळीत ऑक्सिजनचे काही अणू कमी पडले, तर त्यांच्या वाट्याचे इलेक्ट्रॉन मोकळे राहतात आणि वीज वाहते. ऑक्साइड अगदी पुरा झाला की ही वाहकता घसरते. थर करणाऱ्याचं कसब या नेमक्या अपुरेपणात असतं. बेडेकरला हे कळलं नाही; ऑगस्ट १९१४ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो लिएजच्या लढाईत मारला गेला.

योगायोग असा, की त्याच १९०७ साली अमेरिकेत विल्यमस्टाउनला फेंटन बंधूंच्या कारखान्यात गरम काचेच्या वाडग्यांवर धातूंच्या क्षारांचे फवारे मारले जात होते. पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखे मोरपंखी रंग काचेवर उमटत. कथलाच्या क्लोराइडाने बसलेला असा थर वीजही वाहू शकतो. पण फळांच्या वाडग्याला तारा जोडून बघायचं कुणाला सुचणार?

सुचलं ते विमानांमुळे. उंचावर वैमानिकासमोरच्या काचेवर बर्फ साचे. काचेलाच वीज वाहता आली, तर ती स्वतः तापून बर्फ वितळवील. लिबी-ओवेन्स-फोर्ड या काच कंपनीच्या हॅरल्ड मॅकमास्टर यांना कथलाच्या ऑक्साइडाच्या थराचं पेटंट १९४७ साली मिळालं. १९५१ मध्ये कॉर्निंग या दुसऱ्या काच कंपनीच्या जॉन मोचेल यांच्या पेटंटांतून इंडियम आणि कथील यांची जोडी पुढे आली. तीन इलेक्ट्रॉन देणाऱ्या इंडियमच्या जागी चार देणारं कथील बसलं की एक इलेक्ट्रॉन शिल्लक उरतो. ऑक्सिजनच्या उणिवेवर सगळी भिस्त ठेवावी लागत नाही. (इंडियम सापडलं १८६३ साली, फ्रायबर्गला. शोधक फर्डिनांड राइश रंगांध, म्हणून वर्णपटातली निळी रेघ पाहिली ती सहकारी रिख्टरने.) आज मोबाइलच्या पडद्यात बहुधा हाच थर असतो, जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास.

पण इंडियम महाग. त्याच्या स्वतंत्र खाणी जवळपास नाहीत; ते मुख्यतः जस्त काढताना हाती लागतं. म्हणून संशोधक पुन्हा स्वस्त कथलाकडे आणि फवाऱ्याकडे वळतात. १९६६ साली चेंबरलिन आणि स्कारमन यांनी फवाऱ्याने थर बसवण्याची रीत प्रयोगशाळेसाठी नीट मांडली. तिला महागडे निर्वात पंप लागत नाहीत. तापलेली काच, द्रावण, नळी आणि दाबाची हवा एवढ्यावर भागतं. अशा साधनांत भारतीय विद्यापीठांचा हात न बसता तरच नवल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रमोद पाटील यांनी १९९९ साली या रीतीचा घेतलेला आढावा जगभरचे अभ्यासक आजही संदर्भाला घेतात. तिथल्याच मंडळींनी कथलाच्या क्लोराइडात अमोनियम फ्लोराइड मिसळून सुमारे पाचशे अंश तापलेल्या काचेवर थर बसवले आहेत. यात ऑक्सिजनची जागा फ्लोरिन घेतो, एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो, आणि काच सौर घटाच्या कामाला येते.