सक्ती कशाची? कामगार संघटना आणि सभासदत्वाचा प्रश्न

पवनानगरच्या बाजारपेठेतून कामशेतच्या रस्त्याला लागले की एका बाजूला धरणाचे पाणी आणि वर तुंग-तिकोना दिसत राहतात. मावळाविषयी लिहिताना बहुधा किल्ल्यांपासूनच सुरुवात होते. आम्हांला आज दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. गेली शंभराहून अधिक वर्षे या मुलखातून दोन गोष्टी सतत बाहेर जात आहेत, पाणी आणि माणसे. टाटांच्या लोणावळा, वळवण, शिरोता या तलावांचे पाणी १९१५पासून खोपोलीला उतरून वीज निर्माण करू लागले आणि त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या. पुढे आंदर मावळातील ठोकरवाडीचे पाणी भिवपुरीला उतरले. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडला गेले. या पाण्यामागोमाग इथली माणसेही घाट उतरून मुंबईला किंवा नदीच्या प्रवाहाने पिंपरी-चिंचवडला गेली. कोणी गिरणीत लागले, कोणी डोक्यावर ओझे घेतले, कोणी जेवणाचे डबे वाहिले, कोणी कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले.

गावात ही माणसे भावकीची होती. शहरात ती कोणाची झाली? या प्रश्नाच्या उत्तरात कामगार संघटना येते आणि तिच्याबरोबर एक जुना वादही येतो. कामगाराने संघटनेचे सभासद व्हावे की न व्हावे, हे त्याच्या मर्जीवर ठेवावे की त्याची सक्ती असावी?

हा वाद वर्गात किंवा वादसभेत मांडला जातो तेव्हा दोन्ही बाजू ठरलेल्या असतात. एक बाजू म्हणते, संघटनेने लढून मिळवलेली पगारवाढ सर्वांनाच मिळते, मग वर्गणी मात्र काहींनीच का भरावी? फुकट्यांची संख्या वाढली की संघटना मोडते, म्हणून सर्वांना सभासद करावे. दुसरी बाजू म्हणते, संघटित होण्याचे स्वातंत्र्य खरे असेल तर संघटनेबाहेर राहण्याचेही असलेच पाहिजे. पश्चिमेत या वादाचे निकाल लागून गेले आहेत. सभासद असल्याशिवाय कामच मिळणार नाही अशी पद्धत, जिला तिकडे ‘क्लोज्ड शॉप’ म्हणत, ती अमेरिकेने १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने बंद केली. ब्रिटनमध्ये संघटनेत जाण्यास नकार दिल्यामुळे नोकरी गमावलेल्या तीन रेल्वे कामगारांच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८१मध्ये निकाल दिला आणि पुढच्या दशकात तिथेही ती पद्धत कायद्याने संपली.

आपल्याकडे वाद याच शब्दांत मांडला तर हाती काही लागत नाही, असे आमचे मत आहे. महाराष्ट्रातील कामगाराला सक्ती संघटनेने प्रथम दाखवली नाही. ती त्याच्या आधीपासूनच होती. म्हणून सक्ती असावी की नसावी, एवढ्याने भागत नाही. ती कशाची, कोणावर आणि कोणाच्या हिशेबाने, हे पाहावे लागते.

गिरणीत शिरण्याचा रस्ता जॉबरकडून जात असे. भरती, बदली, कामावरून काढणे हे सारे त्याच्या हातात होते. तो बहुधा गावचा, जातीचा किंवा नात्यातला. खोलीची सोय, अडीअडचणीला कर्ज आणि रोजच्या कामाची हमी तोच देई, आणि त्या बदल्यात दस्तुरीही घेई. जॉबरच्या माणसांत नाव नसलेल्याला रोज सकाळी फाटकावर बदली म्हणून उभे राहावे लागे. या सभासदत्वाला पावती नव्हती, पण ते सक्तीचेच होते. संघटना नको म्हणणाऱ्या कामगारापुढे पूर्ण स्वातंत्र्य उभे आहे, असे चित्र म्हणूनच खोटे आहे. संघटना नसली की तिच्या जागी जॉबर उभा असे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९०मध्ये बाँबे मिलहँड्स असोसिएशन काढली, तेव्हा तिला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लिखित नियमही नव्हते. तरीही त्याच वर्षी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. म्हणजे यादीवाचूनही माणसे एकत्र येऊ शकतात. मात्र अशी एकजूट टिकवायला संस्था लागते आणि लोखंड्यांच्या मृत्यूनंतर तशी संस्था उरली नाही. ती उभी राहिली १९२८च्या सार्वत्रिक संपात. एप्रिलमध्ये संप सुरू झाला, मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली आणि वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद ५० हजारांच्या पुढे गेले. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. पुढल्याच वर्षी नेते मीरत खटल्यात अडकले, दुसरा संप फसला आणि सभासद तितक्याच झपाट्याने गळून गेले. ऐच्छिक सभासदत्वाची ताकद आणि तिचा ठिसूळपणा या दोन वर्षांत शेजारीशेजारी दिसतात.

याच संपातील आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते आणि त्याने विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला आणि आग्रह धरला, तेव्हा कुठे नेत्यांनी तो नाखुशीने मागण्यांमध्ये घेतला. जिच्या संपात आपली उपासमार होते, तिच्या विजयात आपला वाटा नाही, अशा संघटनेचे सभासदत्व त्या कामगाराने का घ्यावे? ‘आपण सारे कामगार एक’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. फुकट्यांविषयी बोलताना वर्गणी भरूनही वाटा न मिळणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे.

यानंतर सक्तीचा प्रश्न फाटकावरून कायद्याच्या पुस्तकात गेला. मुंबई प्रांताच्या १९३८च्या औद्योगिक कलह कायद्याने संपावर कडक बंधने घातली. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे आणि म्हणून ती गुलामीच, असा आंबेडकरांचा विधिमंडळातील युक्तिवाद होता. दहा वर्षांपूर्वी संपाविषयी साशंक असलेले आंबेडकर आता संपाच्या हक्कासाठी उभे राहिले, यात आम्हांला विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा ते कामगाराच्या संमतीविषयीच बोलत होते.

त्यानंतर आला १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्याने ‘प्रतिनिधी संघटना’ ही संकल्पना रूढ केली. एखाद्या क्षेत्रातील उद्योगात किमान २५ टक्के कामगार जिचे सभासद, तिला हा दर्जा मिळे आणि मग त्या उद्योगातील सर्व कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिचाच. दर्जा ठरे तो संघटनेच्या दप्तरावरून, गुप्त मतदानाने नव्हे. मुंबईच्या कापड उद्योगात हा दर्जा काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि दशकानुदशके तिथेच राहिला.

या कायद्याची बाजू समजून घेतली पाहिजे. एकाच गिरणीत चार संघटना असल्या की मालक सर्वांत स्वस्त करार देणाऱ्या संघटनेला जवळ करतो. बोलणारा एकच असला तर करार होतो, टिकतो आणि लहान गिरणीतल्या कामगारालाही मोठ्या गिरणीइतकाच लाभ होतो. पण याची किंमत काय होती? वर्गणीची सक्ती कोणावरच नव्हती, सक्ती होती ती प्रतिनिधीची. तीन चतुर्थांश कामगार बाहेर असले तरी त्यांचे तोंड म्हणजे हीच संघटना. सभासदाचे मन जिंकण्याची गरज उरली नाही, दप्तर राखले की पुरे. अशी संघटना हळूहळू कामगारांकडे पाहणे सोडते आणि सरकार व मालक यांच्याकडे पाहू लागते. यासाठी तिचे नेते वाईटच असावे लागतात असे नाही.

याचा हिशेब १९८२मध्ये झाला. बोनसच्या वादातून चिडलेले कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मागण्यांमध्ये पगारवाढीइतकीच ठळक मागणी होती ती १९४६चा कायदा रद्द करून मजदूर संघाची मान्यता काढण्याची. गिरण्या बंद पडलेल्या सर्वांना दिसत होत्या, पण कायद्याच्या लेखी कामगारांचा प्रतिनिधी संपात नसलेला मजदूर संघच राहिला. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी सरकार बोलेना आणि ज्यांच्याशी सरकार बोले त्यांच्यामागे कामगार नव्हते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो माणसे कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतली, ती कायमचीच. संपाच्या अपयशाला यंत्रमागांची स्पर्धा आणि मालकांची बदललेली गणिते कारणीभूत होती, तसाच सामंतांचा तडजोड न करण्याचा हट्टही होता. पण बोलण्याचा रस्ताच कायद्याने बंद केलेला होता, हे कारण यांपैकी कोणत्याही कारणाहून लहान नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये संपानंतरच्या घराची जी पडझड दिसते, तिचे एक मूळ या कलमांत आहे, हे साहित्याच्या वर्गातही सांगायला हवे.

मग सक्ती वाईटच, असा निष्कर्ष काढून थांबावे काय? माथाडींचा इतिहास तसे थांबू देत नाही.

माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. मुंबईच्या गोदींत, लोखंड बाजारात, किराणा बाजारात हजारो माथाडी राबत, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांना मालकच नव्हता. व्यापारी म्हणे, हा मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणे, मी कुठला मालक? अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केले आणि १९६९मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत त्याच वाटेने चालत होती. या कायद्यात सक्ती आहे आणि ती उघड आहे. मालक, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ असते. मालकाने नोंदणी करायची, कामगारानेही करायची. मजुरी थेट हातावर द्यायची नाही, मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, औषधपाणी. ज्याचा मालक रोज बदलतो, त्याला पेन्शनीतल्या कारकुनासारखे निश्चिंत म्हातारपण मिळण्याची शक्यता या सक्तीतून निर्माण झाली. ऐच्छिक नोंदणी ठेवली असती तर एकाही व्यापाऱ्याने ती केली असती काय?

याही कायद्याला कीड लागली. टोळीत जागा मिळणे हा जणू वतनाचा हक्क झाला. काम न करता माथाडीच्या नावाने पैसे मागणारी टोळकी कारखान्यांच्या फाटकांवर दिसू लागली आणि चाकण-तळेगावच्या पट्ट्यात ‘माथाडी’ हा शब्द काहींच्या तोंडी खंडणीचा समानार्थी झाला. २०२३मध्ये सरकारने दुरुस्तीचे विधेयक आणले तेव्हा याच खंडणीचे कारण पुढे केले आणि माथाडींच्या नेत्यांनी, आढावांनीही, त्याला विरोध केला. त्यांची भीती अशी की कीड काढण्याच्या निमित्ताने झाडच तोडले जाईल. आम्हांला ही भीती निराधार वाटत नाही, पण कीड नाही असे म्हणून झाडाचे रक्षण होत नाही, हेही तितकेच खरे.

मावळाला सर्वांत जवळचे उदाहरण तिसरे. मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतले. महादू हावजी बच्चे यांनी १८९०मध्ये सुरू केलेल्या या धंद्यात कायद्याची कसलीच सक्ती नाही, पण गटाबाहेर राहून डबा पोचवता येत नाही. गटात शिरायला पैसे मोजावे लागतात आणि ओळख लागते. एकदा आत आल्यावर मात्र कमाईची वाटणी बरोबरीने होते. ही सक्ती माणसांना जाचत नाही, कारण मुकादम स्वतः डबे वाहतो आणि हिशेब सर्वांसमोर होतो. पण दार बहुतांशी गावच्याच आणि नात्याच्याच माणसाला उघडते, हा तिचा दोष. शिवाय २०२०मध्ये लोकलगाड्या बंद झाल्या तेव्हा या बंद दारामागे लेव्ही नव्हती, निधी नव्हता. माणसे पुन्हा मावळात परतली.

या तिन्ही कथा शेजारी ठेवल्या की आम्हांला एक फरक स्पष्ट दिसतो. मालकाला जबाबदारी घ्यायला लावणारी सक्ती कामगाराला बळ देते. कामगाराला दुसऱ्याच्या तोंडून बोलायला लावणारी सक्ती त्याचे बळ काढून घेते. वर्गणी सर्वांकडून घ्यावी, हे म्हणणे न्यायाचे ठरू शकते, पण केव्हा? नेता बदलण्याचे गुप्त मत, हिशेब पाहण्याचा हक्क आणि नवख्याला उघडे दार, या तीन गोष्टी सभासदाच्या हाती असतील तेव्हाच. त्या नसतील तर संघटना नव्या नावाने जॉबरचेच काम करते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, नोंदपटावरील ५१ टक्के कामगारांचा जिला पाठिंबा असेल ती एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तसे कोणाचेच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची परिषद बनते. २५ टक्क्यांवरून ५१ ही सुधारणाच आहे. पण ‘नोंदपटावरील कामगार’ या शब्दांशी आम्ही अडखळतो. पवनानगरहून पहाटे निघून कारखान्याच्या पट्ट्यात कंत्राटदाराच्या गाडीतून जाणाऱ्या तरुणाचे नाव बहुधा कारखान्याच्या नोंदपटावर नसते, ते असते कंत्राटदाराच्या वहीत. त्याच्या पणजोबाचे नाव जॉबरच्या तोंडी होते. कोणाच्या यादीत जायचे, हे ठरवण्याची वेळ त्याच्यावर अजून आलेली नाही. सक्तीचे सभासदत्व चांगले की वाईट, हे त्याला विचारण्यापूर्वी ती वेळ त्याच्यावर येईल, एवढी तजवीज तरी आपण करायला हवी.